मनगटावरचा रंग

संग्रामदादा थोरवड्यांनी रंगाच्या नमुन्याची अकरावी पट्टी उचलली, उन्हात धरली आणि मेलेला उंदीर शेपटीला धरून टाकावा तशी टेबलावर टाकली.

"मिस्त्री, हा रंग आमच्या मेव्हण्याच्या गेटला आहे."

"गेट तांबडं हाय, दादा. ही डाळिंबी."

"मला दोन्ही बघून सारखंच मळमळतंय. असा रंग द्या की बघणाऱ्याचा घास हातात राहिला पाहिजे. पैशाचं बघू नका."

चाळीस वर्षं कोल्हापुरात गाड्या रंगवून सिद्राम मिस्त्रीला एक कळलं होतं. गिऱ्हाइकाला रंग हवा नसतो, दुसऱ्याच्या डोळ्यातली जळजळ हवी असते. ती कुठल्या डब्यात मिळते हे त्याला अजून सापडलं नव्हतं.

शेडमध्ये गाडी उघड्या पत्र्यानं उभी होती. विलायतेहून आलेली, दोनच माणसांची, पोट जमिनीला टेकवून बसलेल्या बेडकासारखी. ताशी तीनशेनं पळते म्हणत. एवढ्या वेगानं पळायला रस्ता कुठे आहे, हे दादांना विचारायची कुणाची छाती नव्हती.

या रंगाची गोष्ट आधी नीट सांगायला हवी. डब्यातला जुना रंग आणि थिनर सरकारनं बंद करून सहा वर्षं झाली होती. त्या वासानं कितीक पेंटरांची फुप्फुसं गेली होती, तेव्हा बंद झालं ते बरंच झालं. त्याच्या जागी जे आलं त्याला सिद्राम जिथं कामाला होता ती कंपनी ‘सजीव थर’ म्हणायची. शेडमधली माणसं सरळ कातडं म्हणायची.

समुद्रातल्या माकुलाच्या, म्हणजे स्क्विडच्या, कातडीत रंगाच्या बारीक पिशव्या असतात. पिशवी ताणली की रंग पसरतो, आकसली की लपतो. म्हणून माकूल क्षणात तांबडं होतं, क्षणात पांढरं. शास्त्रज्ञांनी ती पेशी घेऊन पत्र्यावर वाढवून पाहिली, पण ती देशावरच्या उन्हात तासाभरात मरे. मग त्यांनी माणसाच्या कातडीतली रंगाची पेशी घेतली. ऊन सोसणं हे तिचं जन्माचंच काम. माकुलाचा पसरण्या-आकसण्याचा गुण तेवढा तिच्या गुणसूत्रात जोडला. अशा पेशी खळीसारख्या पातळ पदार्थात कालवून पत्र्यावर फवारायच्या आणि बारा दिवस उबेच्या खोलीत वाढू द्यायच्या. नखाएवढा जाड थर धरतो. खालून केसाएवढ्या नळ्यांतून मिठा-साखरेचं पाणी फिरतं, वरून सायीसारख्या पातळ, पारदर्शक पापुद्र्याची झिलई. ओरखडा पडला तर आपोआप भरून येतो.

लोकांना भारी कौतुक. आणि त्या कौतुकाबरोबर जे आलं त्याबद्दल कुणी बोलत नसे. दर शनिवारी गाडीला पाजावं लागे. नळी गळली की मुंग्यांची रांग लागे. साखरेच्या वासानं डास बसत आणि सकाळी गाडीच्या दारावर गांधी उठलेल्या दिसत. पाजायला विसरलेली गाडी चौथ्या दिवशी वास मारी, आणि तो वास कशाचा हे ज्यानं कधी मयताला खांदा दिला असेल त्याला सांगावं लागत नसे. सिद्राम कामावरून घरी गेला की भाकरीला हात लावायच्या आधी तीनदा साबण लावी.

तरी त्याच्यावाचून कंपनीचं चालत नव्हतं. यंत्र रंगाचा आकडा सांगे, पण जिवंत रंग आकड्यात बसत नाही. सकाळी वेगळा, दुपारी वेगळा. सिद्रामची पद्धत त्याच्या वस्तादानं शिकवलेली होती. बांबूच्या काडीनं डब्यातला रंग घ्यायचा, डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला एक रेघ ओढायची, चार वाजताच्या उन्हात धरायची. चारचं ऊन कुणाची भीड ठेवत नाही, वस्ताद म्हणायचा. मग त्याच काडीनं रेघ खरवडून पुन्हा डब्यात. रंग वाया घालवायचा नाही.

प्रयोगशाळेच्या डॉक्टर सायली आठल्ये बाईंनी याला सक्त मनाई केली होती. हातमोजे घालायचे, काचेच्या पट्टीवर बघायचं. सिद्राम बाईंसमोर हातमोजे घालायचा. बाईंची पाठ वळली की काढायचा.

बाराव्या पट्टीच्या दिवशी त्याचं मनगट सोललेलं होतं. सकाळी बॉनेट पॉलिश पेपरनं घासताना हात सटकला आणि पत्र्याच्या कडेनं साल निघाली होती. त्यानं त्यावरच रेघ ओढली. चरचरलं. त्यानं खरवडून काडी बीजाच्या, म्हणजे मूळ पेशींच्या, डब्यात बुडवली, ढवळली आणि विसरून गेला.

आठ दिवसांनी बाराव्या पट्टीवर जो रंग धरला तो कुणी पाहिलेला नव्हता.

काळा म्हणावा तर काळा नव्हता. चिंचोका घासून गुळगुळीत केल्यावर दिसतो तसा, आतून तांब्याची धग आणि कडेला जांभळी झाक. ढग आला की खोल जाई, ऊन आलं की वर येई. यंत्रानं तीनदा मोजला आणि तीनदा वेगळा आकडा दिला.

संग्रामदादांनी पट्टी हातात घेतली, उन्हात दोनदा उलटसुलट करून बघितली. मग त्यांनी ती गालाला लावली.

"नाद खुळा, मिस्त्री! कुठं लपवून ठेवलावता हा?"

"आपसूक आला, दादा."

"बारा दिवसांत गाडीवर पाहिजे. आणि हा रंग दुसऱ्या कुणाला दिलात तर बघा."

बाराव्या दिवशी गाडी उबेच्या खोलीतून बाहेर काढली. दादा चार मित्र घेऊन आले. हात फिरवला की थर हाताखाली गरम होई आणि क्षणभर उजळे. मित्र हात फिरवत होते, चिमटे काढून बघत होते, हसत होते. एकानं नखानं ओरखडा काढला, तो कसा भरतो ते बघायला. दादांनी कोट सावरला, बॉनेटवर वाकले आणि डोळे मिटून ओठ टेकवले. मित्रांनी फोटो काढले.

सिद्रामला ते बघवेना. त्याला कारण कळेना. गाड्यांशी खुळ्यासारखी वागणारी माणसं त्यानं उदंड बघितली होती. तो बाहेरच्या नळावर गेला आणि उगाचच मान, गळा, तोंड धुऊन आला.

दुसऱ्या दिवशी चार वाजता तनिष्का आली. सिद्रामची एकुलती एक लेक, सरकारी रक्तपेढीत तपासनीस. आई गेल्यापासून घर तीच बघत होती. कामावरून सुटली की बापाला स्कूटरवर घेऊन जायची.

"चला की आबा. रविवारी पाव्हणं यायचं, आन् घरात पोह्यांचा पत्ता नाही."

"पाच मिनिटं दम धर, तने."

ती गाडीपाशी गेली. तिनं सहज पंजा बॉनेटवर ठेवला. आणि मिस्त्रीच्या डोळ्यांदेखत लेकीचा पंजा नाहीसा झाला.

नखं दिसत होती, बांगडी दिसत होती. पण हात कुठं संपतो आणि गाडी कुठं सुरू होते ते सापडत नव्हतं. चारचं ऊन दोन्हींवर सारखंच पडलं होतं. सिद्रामनं आयुष्यात हजारो रंग जुळवले, पण असा जुळलेला त्यानं बघितला नव्हता.

तनूनं झटका बसल्यासारखा हात काढला. ओढणीला पुसला.

"आबा, हे कुणाचं कातडं हाय?"

तिनं बापाचा डावा हात धरला, बाही वर सारली, मनगट बॉनेटशेजारी धरलं. सोललेल्या जागी फिकट वण उरला होता. बाकीचा हात गाडीत विरून गेला.

"बाईंना आत्ताच्या आत्ता सांगा," ती म्हणाली. "नाहीतर मी सांगते."

आठल्ये बाईंनी दोन दिवस तपासण्या केल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी दोघांना प्रयोगशाळेत बोलावलं.

"काका, काडी मनगटाला लावली होतीत ना? खरं सांगा."

"लावली हुती. चूक झाली, बाई. कामावरनं काढा."

"काढू? अहो, तुम्हाला माहीत आहे का काय झालंय ते?" बाईंचे डोळे लकाकत होते. "आपलं बीज पंधरा वर्षांचं जुनं आहे. कुठल्याशा इस्पितळात शस्त्रक्रियेत कापून टाकलेल्या कातडीचं. दमलेल्या पेशी त्या. तुमच्या जखमेतल्या चार ताज्या पेशी डब्यात पडल्या. माकुलाचा तुकडा आम्ही विषाणूकरवी जोडतो, तो विषाणू त्या डब्यात होताच. तुमच्या पेशींनी तो गुण उचलला आणि आठ दिवसांत जुन्यांना हुसकून लावलं. त्या गाडीवर शंभरातल्या सत्त्याण्णव पेशी तुमच्या आहेत. आणि त्या मरत नाहीयेत! चाळीस वर्षं उन्हात काम केलेली कातडी आहे तुमची."

"म्हंजे ते..." सिद्राम म्हणाला. "त्यानं तोंड लावलं ते..."

"तांत्रिकदृष्ट्या, हो."

तनूनं तोंडावर हात धरला. हसू होतं की उमासा, कळलं नाही.

बाईंनी कागद पुढे सरकवला. कायदा एवढाच होता: ज्या माणसाची पेशी, त्याची सही. सही नाकारली तर तो थर चोवीस तासांत खरवडून नष्ट करायचा. तनूनं कागद मोठ्यानं वाचला. मिस्त्रींनी आपल्या कातडीचा रंग कंपनीला कायमचा द्यावा. दर महिन्याला मांडीवरून रुपयाएवढा तुकडा काढू द्यावा. दादांच्या गाडीनंतर वर्षाला चाळीस गाड्या या रंगात निघतील. मोबदल्यात मिस्त्रींना मरेपर्यंत पगार, काम करा अथवा न करा.

"विचार करा," बाई म्हणाल्या. "शुक्रवारी दादा गाडी न्यायला येतील, तोवर सांगा. पण एक ऐका काका, सही केली नाहीत तर तुम्हाला ठेवणं माझ्या हातात नाही. नियम मोडलाय तुम्ही."

घरी जाताना स्कूटरवर तनू एकदाच बोलली. "चाळीस गाड्या. गावात जिथं जाईन तिथं माझा बाप उभा असणार, आन् त्याच्यावर कुत्री पाय वर करणार."

सिद्राम त्या दोन रात्री छताकडे बघत पडला. त्याला किळस येत होती हे खरं. अंगावर कुणी परकं हात फिरवतंय असं वाटून तो दचकून उठे. पण मरेपर्यंत पगार होता. रविवारी सांगलीचे पाहुणे तनूला बघायला येणार होते. हे पाचवं स्थळ. आधीच्या चौघांनी चहा-पोहे खाऊन, मुलगी हुशार आहे म्हणून, निरोप पाठवतो म्हणून, पाठवला नव्हता. कारण कुणी तोंडानं सांगत नाही. फोटो बघून आलेला माणूस मुलगी दारात आली की शेजारच्याकडे बघतो, तेवढ्यात सगळं सांगून झालेलं असतं.

म्हणून सांगलीच्या फोटोला सिद्रामनं स्वतः हात लावला होता. फोटोवाल्याच्या दुकानात बसून, पडद्यावर बोट ठेवून. एवढा उजळ. अजून अर्धा. बास, आता गव्हाळ झाला. फोटोवाला म्हणाला होता, मिस्त्री, तुमच्यासारखा हात कुणाचा नाही, जोड कुठं दिसत नाही. बघायला आल्यावर काय होईल ते होईल, निदान येतील तरी, असा त्याचा हिशेब होता. तनूला हे ठाऊक नव्हतं असं तो समजून होता.

शुक्रवारी सकाळी संग्रामदादा आईला घेऊन आले. आईसाहेबांनी बॉनेटला हळदकुंकू लावलं, नारळ ओवाळला, चाकाखाली लिंबं ठेवली. शेडमधली झाडून सगळी माणसं गोळा झाली होती. सिद्राम खांबाशी उभा होता. हळद लावलेली जागा हळूहळू उजळली, तेव्हा त्यानं नकळत कपाळ पुसलं. शेजारी तनू होती. तिनं दिवसाची रजा टाकली होती.

आठल्ये बाईंनी माईक हातात घेतला. त्यांना यात काही वावगं वाटत नव्हतं, उलट अभिमान वाटत होता. "दादा, जगात या रंगाची ही एकच गाडी आहे. आणि हा रंग प्रयोगशाळेत बनलेला नाही, तो एका माणसाचा आहे. आपले सिद्राम मिस्त्री! या त्यांच्याच पेशी आहेत. त्यांची सही झाली की गाडीच्या कागदावर त्यांचं नाव लागेल."

कुणीतरी टाळी वाजवली. ती एकटीच वाजून थांबली.

दादांचा हात बॉनेटवर होता. तो त्यांनी हळूच उचलला. आधी हाताकडे बघितलं, मग खांबाशी उभ्या मिस्त्रीकडे. खिशातून रुमाल काढून एकेक बोट पुसलं. मग ओठ पुसले. पुन्हा पुसले.

"ह्याचं?" ते म्हणाले. "ह्या माणसाचं कातडं आहे हे?"

"तांत्रिकदृष्ट्या..."

"मी ह्याला तोंड लावलं! फोटो हजार ठिकाणी गेलाय माझा!"

मागून एक पोलिशवाला बोलला, "मिस्त्री, आता दादा तुमचं जावईच की हो." शेडभर हशा पिकला. आईसाहेबांनी पदर नाकाला लावला आणि एक पाऊल मागे सरकल्या. दादांचा चेहरा लाल झाला. मग ते सावरले. त्यांना व्यवहार कळत होता. ते बाईंच्या जवळ गेले, पण शेड पत्र्याची, बोललेलं सगळीकडे ऐकू जातं.

"हे बघा बाई, रंग मला हाच पाहिजे. असा रंग होणे नाही. पण ह्या माणसाचं नाव कागदावर नको. दुसऱ्या कुणाचं लावा. कुणीतरी चांगल्या घरातला, गोरागोमटा, नटबिट बघा. वर काय लागेल ते मी देतो. मिस्त्रीला द्या, घेईल तो. रंग राहू दे, माणूस नको."

सिद्रामच्या तोंडात कडू पाणी आलं. आता थुंकावं, असं त्याला वाटलं. त्यानं लेकीकडे बघितलं, की तिलाही असंच वाटत असणार.

तनू दादांकडे बघतच नव्हती. ती बापाकडे बघत होती. दादांनी ज्या नजरेनं मिस्त्रीकडे बघितलं होतं, अगदी त्याच नजरेनं.

"त्यानं निदान रंग तरी ठेवला, आबा," ती म्हणाली.

तिनं फोन काढून त्याच्या पुढे धरला. सांगलीला गेलेला फोटो. गव्हाळ, गुळगुळीत, जोड कुठं न दिसणारा. "पाव्हण्यांनीच मला पाठवला, खात्री करायला. म्हणाले, तुम्हीच ना या? काय सांगू त्यांना?"

चाळीस वर्षं ज्यानं कधी खोटा रंग दिला नाही, अर्ध्या थेंबाचा फरक चालू दिला नाही, तो मिस्त्री त्या फोटोकडे बघत राहिला. त्याला आता गाडीची किळस वाटत नव्हती. फोटोवर बोट ठेवून अजून अर्धा म्हणणाऱ्या त्या माणसाची वाटत होती.

तो बाईंच्या टेबलापाशी गेला. सहीचा कागद उचलला, घडी घातली, पुन्हा घडी घातली आणि गाडीच्या चाकाखाली, लिंबाशेजारी ठेवून दिला.

"सही न्हाई करत, बाई. थर काढाय लागंल. मीच काढतो. दुसऱ्या कुणी हात लावू नये."

"मिस्त्री, डोकं फिरलंय का?" दादा ओरडले. "माझी गाडी आहे ती!"

"गाडी तुमचीच हाय, दादा. वरचं माझं हाय. तेवढं घेऊन जातो."

लोखंडी पट्टी घेऊन तो बॉनेटवर वाकला. ते काम नुसतं घाण होतं, दुसरा शब्द नाही. पट्टी लागायच्या आधीच पुढच्या जागेवर काटा उठे, जसा थंड पाण्यानं अंगावर उठतो. थर ओला, कोमट, लांब पट्ट्यांनी सुटत होता आणि साखरपाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं. माश्या आल्या. दोन पोरं बाहेर जाऊन ओकून आली. दादा आईला घेऊन कधीच निघून गेले होते. सिद्रामला दोनदा उमासा आला, दोन्ही वेळा त्यानं गिळला. दुखत कुठंच नव्हतं, त्याचंच त्याला जास्त वाईट वाटत होतं.

थोड्या वेळानं दुसरी पट्टी चालल्याचा आवाज आला. तनू ओढणी कमरेला खोचून दार खरवडत होती.

शेवटी तीन बादल्या भरल्या. कंपनीचा नियम भट्टीत टाकायचा होता. दोघांनी मागच्या पडीक जागेत खड्डा काढून बादल्या रिकाम्या केल्या आणि माती ओढली. सिद्रामनं शेवटची मूठ टाकली आणि काय म्हणावं न सुचून नमस्कार केला. पायताण घालून पाच पावलं गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, मागं वळून बघायचं नाही अशी आपल्यात रीत आहे. तो वळला नाही.

शेडमध्ये गाडी पुन्हा उघड्या पत्र्यानं, ओंगळ डागांनी भरून बसली होती. आठल्ये बाई खुर्चीत डोकं धरून बसल्या होत्या.

"आता हिला कुठला रंग देऊ, काका?" त्यांनी थकून विचारलं.

"पांढरा द्या," सिद्राम म्हणाला. "त्यो कुणाचाच नसतोय."

बाहेर चारचं ऊन भिंतीवर आलं होतं. त्यानं नळाखाली हात धुतले, एकदाच, आणि लेकीला हाक मारली.

"तने, तुझा फोटो काढायचा हाय. सांगलीला पाठवाय."

"आत्ता? घामानं निथळतेय मी. अंगाला वास मारतोय."

"आत्ताच. हितं उन्हात ये."

ती आली, पण हसली नाही. त्यानं तिच्याच फोनवर फोटो काढला. मग फोन तिच्या मनगटाशेजारी धरला, मान तिरकी केली, एक डोळा मिटला, जसा पट्टी बघताना मिटायचा. बराच वेळ बघितलं. तनू हात न हलवता उभी राहिली.

"जुळला," तो म्हणाला, आणि फोन तिच्या हातात दिला. "पाठीव तूच. येणार असतील तर येतील. न्हाईतर पोहे आपण खाऊ."

तिनं फोटो पाठवला. बापाकडे बघितलं नाही, पण स्कूटर सुरू करून थांबून राहिली.